दवाई आणि सल्ला, एकाच गल्ल्यावर

मागच्या अंकात सोयाबीनवर चार ओळी लिहिताना ‘शेतकऱ्याचा वैद्य आणि औषधविक्रेता आता एकच माणूस झाला आहे’ असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो होतो. इंदूरच्या मराठी घरांतून शेती केव्हाच उठून गेली असावी अशी माझी समजूत होती, ती आलेल्या पत्रांनी खोटी ठरवली. कोणाचे भाऊ सांवेरला बटाटा लावतात, कोणाची जमीन महूजवळ बटाईने दिलेली आहे, तर कोणी नुसतेच भाजी घेताना धास्तावलेले आहे. एका पत्रात त्या वाक्यावरून माझी चांगली कानउघाडणी केली आहे. ते पत्र शेवटी घेतले आहे.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित चौदा बिघे जमीन देपालपूर तहसिलीत आहे आणि ती माझे धाकटे दीर पाहतात. गेल्या खरिपात त्यांनी सोयाबीनवर चार वेळा दवाई मारली. दर वेळी दुकानदाराने दोन-तीन बाटल्या एकत्र करून दिल्या, तरी इल्ली (अळी) हटली नाही आणि शेवटी पीक पिवळे पडले. दवाई बनावट होती, की आमचेच काही चुकले? (एक वाचक, लोकमान्य नगर)

उत्तर : दुकानदाराने काय दिले ते आपण सविस्तर लिहिले आहे, परंतु दिरांनी शेतात काय पाहिले ते पत्रात कुठेच नाही. माझ्या मते चुकीला सुरुवात तिथेच झाली. ‘इल्ली’ हा आपल्या माळव्यातला मोठा सोयीचा शब्द आहे, पण सोयाबीनचे नुकसान करणाऱ्या किडी एका जातीच्या नाहीत आणि त्यांतल्या काहींपर्यंत पानावर मारलेले औषध पोचतच नाही. खोडमाशीची अळी खोडाच्या आत राहते. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन वलये कोरून त्यांच्या मधोमध अंडे घालते आणि त्यातून निघालेली अळी आतल्या आत पोखरत जाते. वरचा शेंडा मान टाकतो तेव्हा कुठे शेतकऱ्याला पत्ता लागतो. उंटअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी या मात्र उघड्यावर पाने खातात, म्हणून त्या दिसतात आणि सगळा राग त्यांच्यावरच निघतो.

शेवटी पीक पिवळे पडले, त्याचा या अळ्यांशी फारसा संबंध नसावा. तो पिवळा मोझॅक असावा अशी माझी शंका आहे. हा विषाणूचा रोग पांढरी माशी पसरवते, आणि एकदा झाडाला तो जडला की कोणतीही बाटली ते झाड बरे करू शकत नाही. रोगट झाडे सुरुवातीलाच उपटून टाकणे आणि माशीला आवर घालणे एवढेच हाती राहते. दिरांनी जे.एस. ९५-६० हे वाण लावले होते का, हे विचारून पाहावे. लवकर हाती येते आणि पुढचा बटाटा किंवा गहू वेळेवर साधतो म्हणून ते आपल्याकडे फार लाडके आहे, परंतु या रोगापुढे ते टिकत नाही.

आता चार फवारण्यांविषयी. दोन ओळींच्या मध्ये पांढरे कापड अंथरावे, दोन्ही बाजूंची झाडे झटकावीत आणि पडलेल्या अळ्या मोजाव्यात, असे शेतात पाच-सहा ठिकाणी करावे. मीटरभर ओळीत उंटअळ्या तीन-चारांहून कमी भरल्या, तर फवारणीचा खर्च वाचलेल्या पिकाहून जास्त होतो. फुलोऱ्यापूर्वी थोडी पाने गेली तर सोयाबीन ती तूट भरून काढते. शेतकऱ्याला भोक पडलेले पान बघवत नाही, हे मला कळते. पण पान विकले जात नाही, दाणा विकला जातो. बाटल्या एकत्र करण्याचा प्रकार तर अधिकच वाईट. आपल्या देशात कीटकनाशकाची नोंदणी ठरावीक पिकासाठी, ठरावीक किडीसाठी आणि ठरावीक मात्रेसाठी होते. कंपनीने तयार करून नोंदणी केलेली मिश्रणे वेगळी. दुकानाच्या फळीवर जुळवलेल्या मिश्रणाची तपासणी कोणीही केलेली नसते. शिवाय एकाच गटातील औषध पुन्हा पुन्हा वापरल्याने किडीला ते पचू लागते आणि अळ्यांना खाणारे मित्रकीटक मात्र पहिल्याच फवारणीत मरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या अतिवापरानंतर पांढरी माशी उलट वाढल्याचा अनुभव कापूस पिकवणाऱ्यांनी पूर्वीच घेतला आहे. दवाई बनावट होती का, या प्रश्नाचे उत्तर पक्क्या बिलाशिवाय देता येत नाही आणि आपल्या पत्रावरून बिल घेतलेले दिसत नाही.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. वर्गात वीस वर्षे हेच शिकवून निवृत्त झालो आणि घरच्या आठ बिघ्यांत पहिल्याच हंगामात, आभाळ भरून आले असताना, दुकानात उभा राहून तीन बाटल्या घेऊन आलो. घाबरलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हणणारे दुकानात कोणी नसते.

खरे दुखणे हेच आहे आणि ते धोरणाचे आहे. १९७४ च्या सुमारास चंबळ खोऱ्यात जागतिक बँकेच्या मदतीने ‘प्रशिक्षण आणि भेट’ ही पद्धत सुरू झाली. शेतीखात्याचा कार्यकर्ता पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शेतकऱ्यांकडे जाई. त्या पद्धतीत दोष होते, ती वरून आखलेली होती, सगळ्या गावांना एकच पाठ देई. तरीही त्या कार्यकर्त्याजवळ विकायला काही नव्हते, हे विसरू नये. नव्वदच्या दशकात ती विरत गेली. पुढे २००३ पासून हैदराबादच्या ‘मॅनेज’ या केंद्र सरकारच्या संस्थेने खते आणि औषधे विकणाऱ्या दुकानदारांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. अभ्यासक्रम उपयुक्त आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेतकऱ्याला सल्ला दुकानातूनच मिळणार, हे सरकारने त्यात मुकाट्याने मान्य केले आणि ते फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही. ‘आज काही मारू नका’ हा शेतीतील सर्वांत मोलाचा सल्ला आहे आणि तो देणाऱ्याच्या गल्ल्यात एक पैसाही पडत नाही.

दिरांनी पुढच्या खरिपात निदान एवढे करावे. खोडमाशीचा बंदोबस्त पेरणीपूर्वीच बीजप्रक्रियेने करावा (आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे उपयुक्त जिवाणू, हा क्रम चुकवू नये). चक्रीभुंग्याने मान टाकलेले शेंडे सुरुवातीलाच वलयाखालून तोडून नष्ट करावेत. शंका आली तर दुकानाच्या आधी कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात झाड उपटून न्यावे, किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर विचारावे. खंडवा रोडवरील सोयाबीन संशोधन संस्था हंगामात दर आठवड्याला सल्ला प्रसिद्ध करते, तोही वाचावा. १९८७ पासून ही संस्था आपल्या गावात आहे, आणि तिच्या फाटकावरून रोज जाणाऱ्या कित्येकांना ती कशाची आहे हे ठाऊक नाही!

प्रश्न : ‘इंदूर पद्धती’चे खत जगभर शिकवले जाते असे माझे आजोबा सांगत. आज आपले शहर कचऱ्यापासून खत बनवते म्हणून नावाजले जाते. मग आपला शेतकरी अजून युरियाच्या रांगेत का? (एक निवृत्त शिक्षक, रामबाग)

उत्तर : आजोबांनी सांगितले ते खरे आहे. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे संचालक होते. आजचे आपले कृषी महाविद्यालय ते हेच. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ते ठरावीक अंतराने परतून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. या कामात रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली होती आणि १९३१ मध्ये निघालेल्या त्या विषयावरील पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला वाडांचेही नाव आहे. आपण इंदूरचे मराठी लोक होळकरांच्या छत्र्या पाहुण्यांना हौसेने दाखवतो, वाडांचे नाव मात्र कोणाच्या तोंडी येत नाही. कीड ही शिक्षा नसून आपल्या मशागतीतील चूक दाखवणारा शिक्षक आहे, असे हॉवर्ड मानीत. हे मत मी पूर्णपणे स्वीकारत नाही. उत्तम खत घातलेल्या शेतातही पांढरी माशी येते. पण कीड दिसताच बाटली शोधण्याआधी माती, वाण आणि पेरणीची तारीख यांच्याकडे पाहावे, ही त्यातली शिकवण आजही खरी आहे.

आता रांगेविषयी. इंदूर पद्धतीला शेण लागते, काडी लागते आणि हात लागतात. ट्रॅक्टर आला तसे बैल गेले, बैलांबरोबर शेण गेले. हार्वेस्टरने गहू काढल्यावर उरलेली नरवाई पेटवून देण्याची वाईट खोड लागली आणि जी काडी खड्ड्यात जायची ती धुरात गेली. त्यातच ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण तिचा बहुतेक खर्च सरकार उचलते. शहरी कचऱ्याच्या खतालाही २०१६ पासून टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, म्हणजे किलोला दीड रुपया. देवगुराडियाच्या प्रकल्पात फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची सोय आहे, गॅस निघतो, खत निघते, हे अभिमानाचे आहे. परंतु खत शेतापर्यंत वाहून नेणे महाग पडते, ते पसरण्यासाठी मजूर मिळत नाही आणि त्याचा गुण पहिल्याच हंगामात दिसत नाही. स्वतःच्या जमिनीत तीन वर्षे वाट पाहता येते. बटाईने जमीन करणारा पुढच्या वर्षी तीच जमीन मिळेल याची खात्री नसताना कशासाठी थांबेल? सेंद्रिय शेतीच्या भाषणांत बटाईदाराचे नाव मी क्वचितच ऐकले आहे.

प्रश्न : सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये असताना छावणीच्या मंडीत तो मिळाला नाही. भावांतराने तूट भरून निघते असे सांगतात. ही योजना चांगली की वाईट, एका वाक्यात सांगावे. (एक वाचक, महू)

उत्तर : एका वाक्यात सांगता येणार नाही, क्षमा असावी. जून २०१७ मध्ये मंदसौरला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात भावांतर योजना आली. २०२५ मध्ये सोयाबीनसाठी ती पुन्हा लागू झाली. तिच्यात सरकार माल विकत घेत नाही. मंड्यांतील भावांच्या सरासरीवरून एक ‘मॉडेल रेट’ ठरतो, आणि हमीभाव व तो दर यांतील फरक खात्यात जमा होतो. समजा मॉडेल रेट ४,००० ठरला, तर क्विंटलला १,३२८ रुपये मिळतील. पण आपला माल ओला म्हणून ३,५०० ला गेला असेल, तर मधल्या ५०० रुपयांना कोणी वाली नाही. गोदाम, बारदान, तोलाई यांचा सरकारी खटाटोप वाचतो हे खरे, आणि पैसे थेट खात्यात येतात हेही खरे. मात्र फरक सरकार देणारच आहे हे ठाऊक असलेल्या व्यापाऱ्याला भाव चढवून बोली लावण्याचे काही कारण उरत नाही, आणि २०१७ च्या हंगामात नेमकी हीच ओरड मंड्यांतून झाली होती.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात केंद्राने सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ वरून ५,३२८ वर नेला आणि त्याच आठवड्यात कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. एका हाताने भाव बांधायचा आणि दुसऱ्या हाताने त्या भावाखालची जमीन काढायची, असा हा प्रकार झाला. २०२१ मध्ये सोयाबीनचे भाव कडाडले तेव्हा ऑगस्टमध्ये १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करण्याची परवानगी दिली गेली होती. शहरातील गृहिणीला तेल स्वस्त मिळाले पाहिजे आणि कोंबडीपालकाला पेंड, हे मला मान्य आहे. त्याची किंमत मात्र दर वेळी देपालपूरने चुकवावी, हे मान्य नाही.

यात दवाईचा प्रश्नही दडलेला आहे. हमीभाव ठरवताना शेतकऱ्याचा प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी धरून त्यावर पन्नास टक्के दिले जातात. जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज धरणारा सर्वंकष खर्च त्यासाठी आधार मानावा, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. आधार कोणताही घ्या, खर्च सरासरीचाच धरला जातो. विनाकारण मारलेली तिसरी आणि चौथी फवारणी कोणताही भाव भरून देत नाही.

प्रश्न : सगळ्या कीटकनाशकांवर सरळ बंदी का घालत नाहीत? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सुदामा नगर)

उत्तर : आपला संताप योग्य आहे, आणि भोपाळपासून दोनशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने तो समजून घेतलाच पाहिजे. १९८४ मध्ये ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तिथे कीटकनाशकच बनत असे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. केरळच्या कासरगोडमध्ये काजूबागांवर वर्षानुवर्षे एंडोसल्फान फवारले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याच्या उत्पादन-विक्रीला स्थगिती दिली तोवर एक पिढी त्याखाली भाजून निघाली होती. कायद्याचे म्हणाल, तर १९५८ मध्ये केरळात कीटकनाशक मिसळलेल्या पिठामुळे शंभरावर माणसे दगावली, त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा जन्माला आला. त्याची जागा घेण्यासाठी २००८ आणि २०२० मध्ये संसदेत विधेयके मांडली गेली, पण ती कायदा होऊ शकली नाहीत.

तरीही सरसकट बंदीला माझा विरोध आहे. या बाबतीत श्रीलंकेचे उदाहरण दोन्ही अंगांनी पाहण्यासारखे आहे. त्या देशाने १९९० च्या दशकापासून अति विषारी कीटकनाशके एकेक करून बंद केली; विष पिऊन होणाऱ्या आत्महत्या पुष्कळ घटल्या आणि पिकांचे म्हणण्यासारखे नुकसान झाले नाही. त्याच देशाने २०२१ मध्ये रासायनिक खते आणि कीटकनाशके यांची आयात एका फटक्यात थांबवली, तेव्हा भाताचे आणि चहाचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. बाटलीवरचा तिरपा चौकोन पाहावा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल चौकोनाची औषधे आपल्या बाजारातून गेली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भर उन्हात, उघड्या अंगाने, पाठीवर गळका पंप घेऊन जाणारा मजूर ती सुरक्षितपणे वापरू शकेल, असे समजणे ही कागदावरची कल्पना आहे.

प्रश्न : चोइथराम मंडीतून आणलेली भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली की विष जाते का? (एक गृहिणी)

उत्तर : सालीवरचा अंश वाहत्या पाण्याने चोळून धुतल्यावर बराचसा जातो, त्यासाठी मीठ लागतेच असे नाही. झाडाच्या आत भिनणाऱ्या औषधाचा अंश धुण्याने जात नाही. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत ते बाटलीवर लिहिलेले असते. ते पाळले गेले की नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात कळण्याचा मार्ग नाही.

प्रश्न : किडीने पीक गेले तर पीकविमा मिळतो ना? (एक वाचक, राऊ)

उत्तर : एकट्या आपल्या शेताचे नुकसान झाले असेल, तर नाही. गारपीट किंवा शेतात पाणी साचणे अशा संकटांत एकेका शेताचा पंचनामा होतो. किडीचे नुकसान मात्र पूर्ण पटवारी हलक्याच्या, म्हणजे एका पटवाऱ्याकडे असलेल्या सगळ्या गावांच्या, सरासरी उत्पादनात धरले जाते. हलक्याची सरासरी घसरली तर सर्वांना भरपाई, नाही तर कोणालाच नाही. खरिपाचा हप्ता विम्याच्या रकमेच्या दोन टक्के असतो. २०२० पासून विमा घेणे कर्जदारांनाही ऐच्छिक आहे, आणि नको असेल तर तसे मुदतीत बँकेला लेखी कळवावे लागते.

प्रश्न : मी खते आणि दवाई विकतो. आपण आम्हाला वैद्याच्या वेषातला वाणी ठरवलेत. माझे निम्मे गिऱ्हाईक उधारीवर माल नेते आणि पीक विकल्यावर पैसे देते. रात्री दहाला फोन आला तरी मी उचलतो. आमच्या गावात सरकारी माणूस मी वर्षभरात दोनदा पाहिला. शेतकऱ्याने जायचे कुठे? (एक दुकानदार, सांवेर तहसील)

उत्तर : आपले म्हणणे रास्त आहे आणि माझे वाक्य अपुरे होते. वैद्याची जागा आपण बळकावली नाही. ती रिकामी पडली आणि गिऱ्हाईकाने आपल्याला तीत बसवले. उधारीची गोष्ट तर मी विचारातच घेतली नव्हती. हंगामाच्या तोंडावर बँकेपेक्षा आपले दुकान लवकर उघडते आणि कागद मागत नाही, म्हणून दवाई कोणती हे ठरवण्याचा अधिकारही शेतकरी आपल्याच हाती सोपवतो. उधारी घेतलेला माणूस दुसऱ्या दुकानात विचारायला जाऊ शकत नाही, हेही आपण मान्य कराल.

मला एक सुचते. माणसे आपल्याला पैशांची आणि रोगाची, अशा दोन्ही अडचणी सांगतात. तेव्हा येत्या खरिपात आपण सल्ल्याचे वेगळे पैसे घेऊन पाहावेत. झाड आणून दाखवणाऱ्याकडून पन्नास रुपये घ्यावेत, अळ्या मोजून याव्यात असे सांगावे, आणि गरज नसेल तर बाटली न देता परत पाठवावे. बाटली घेतलीच, तर ते पन्नास रुपये बिलातून वजा करू नयेत. तसे केले की सगळे पुन्हा होते तिथेच येईल. शेतकरी ‘नको’ या शब्दासाठी पन्नास रुपये मोजतो का, आणि कंपनीचा माणूस त्यावर आपल्याला काय ऐकवतो, ते दिवाळीच्या सुमारास कळवावे. आपले पत्र याच सदरात छापीन.